दुसऱ्या गाडीचं इंजिन

आमच्या ट्रकमध्ये दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायला दीड दिवस लागला. त्या इंजिनाच्या अंगावरच्या लहानसहान वस्तू बसवायला मात्र अडीच महिने गेले. हे सांगितलं की लोक हसतात. ज्यांनी असं काम केलंय ते हसत नाहीत.

ट्रक वडिलांचा. पुढं लांब नाक असलेला, जुन्या घडणीचा. उंब्रजपासून तीन किलोमीटरवर आमची वस्ती आहे, तिथं उसाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये तो एकोणीस वर्षं उभा होता. वडिलांनी त्यातून गूळ वाहिला, सांगलीला हळद नेली, खडी-वाळूही नेली. एका उन्हाळ्यात रेडिएटर फुटला, इंजिन तापलं आणि ब्लॉकला तडा गेला. तेव्हा मी पठाणकोटला होतो. वडिलांनी ट्रक शेडमध्ये ढकलून लावला, चाकांखाली ओंडके दिले आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

मी फौजेत चोवीस वर्षं गाड्यांचा मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. तिथं प्रत्येक वस्तूला नंबर असायचा. खोक्यातून वस्तू काढायची, नंबर ताडून बघायचा, बसवायची. बसली नाही तर खोकं परत पाठवायचं. बसत नाही म्हणजे वस्तू चुकीची आलीय, एवढंच माझं शिक्षण. घरी आल्यावर पहिले काही महिने सकाळी उठून काय करायचं हेच ठरेना. ऊस भावकीतल्या एकानं वाट्यानं केला होता, त्यात माझी लुडबूड कोणाला नको होती. मग मी शेडमध्ये जाऊन बसायला लागलो. एक दिवस बॉनेट उघडलं.

वडील तेव्हा ब्याऐंशीचे. काठी टेकत आले, बघितलं, म्हणाले, "झोपलंय त्ये झोपू दे की. कशाला उठवतोस?"

"बघतो आबा. झालं तर झालं."

"बघ बाबा," म्हणाले आणि गेले.

त्या ट्रकचं मूळ इंजिन आता मिळत नाही. मिरजेच्या एका भंगारवाल्याकडं अपघातात केबिन चेपलेला एक ट्रक आला होता, वीस-पंचवीस वर्षांनी नवा. त्याचं इंजिन धडधाकट होतं. तिथंच मला मिस्त्री भेटला. साठीच्या आसपासचा, किरकोळ अंगाचा, डाव्या कानामागं कायम खडू. मी इंजिनाभोवती फिरून नंबर शोधत होतो. तो म्हणाला, "नंबर बघून काय करताय? ह्ये तुमच्या गाडीत बसायसाठी जन्मालाच आलेलं न्हाई. बसवायचं म्हटलं तर बसंल." मी त्याला तिथंच विचारलं, येणार का. तो म्हणाला, गाडी बघून सांगतो.

दर मंगळवारी तो मिरजेहून रेल्वेनं मसूरला उतरायचा, मी मोटारसायकलवर त्याला वस्तीवर आणायचो. तीन-चार दिवस शेडमध्येच खाटेवर राहायचा. शुक्रवारी दुपारी उंब्रजच्या मशिदीत नमाज पढून संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. मला 'हवालदार' म्हणायचा, वडिलांना 'आबा'. जेवण आमच्या घरचं. माझी बायको त्याच्या ताटात चटणी कमी वाढायची. त्याला पित्त व्हायचं हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

चेन-कप्पीनं इंजिन उतरवलं, दुसऱ्या दिवशी दुपारी ते चासीवर टेकलं. मला वाटलं, झालं. मिस्त्रीनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, मग म्हणाला, "आता सुरू."

पंखा रेडिएटरला घासत होता. पाण्याचं तोंड या बाजूला, रेडिएटरचं त्या बाजूला. जुन्या डायनॅमोचा पट्टा जाड, नव्या पुलीची खाच बारीक. यांतलं प्रत्येक काम चार-पाच दिवसांचं होतं आणि ते आम्ही केलं. खरी अडचण ब्रेकची होती. आमच्या जुन्या गाडीचे ब्रेक व्हॅक्यूमच्या जोरावर लागायचे. म्हणजे इंजिनावरचा एक पंप हवा ओढून घेणार आणि त्या ओढीनं पायाला मदत होणार. नव्या इंजिनाच्या गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर. त्यामुळं त्यावर असा पंपच नव्हता, आणि बसवायला जागाही नव्हती.

मिस्त्रीनं तोड काढली. छोट्या टेम्पोच्या अल्टरनेटरला, म्हणजे वीज करणाऱ्या यंत्राला, मागच्या बाजूला असा पंप जोडलेलाच असतो. पट्ट्यानं अल्टरनेटर फिरतो, त्याबरोबर पंपही. वीजही मिळते, ब्रेकही. फक्त पंपाला इंजिनाकडून थोडं तेल लागतं आणि ते तेल एका नळीनं परत खाली इंजिनाच्या तळाशी तेलाच्या चेंबरमध्ये जावं लागतं. आपल्या वजनानं, घरंगळत. तो म्हणाला, "ह्ये टेम्पोचं, ते ट्रकचं, गाडी तिसरीच. तिघांची ओळख करून द्यायची."

अल्टरनेटर धरायला ब्रॅकेट पाहिजे होतं आणि ते जगात कुठंच तयार नव्हतं. उजव्या अंगाला स्टिअरिंगचा डबा आडवा येत होता. दोन बोटांची जागा, तीही तिरकी. आम्ही पुठ्ठ्याचे साचे कापले, पत्र्याचे कापले, एकही जमेना. शेवटी मिस्त्री म्हणाला, "मिरजेला चला. मेव्हण्याकडं."

त्याचा मेव्हणा तंबोरे करायचा. गल्लीतलं लहानसं दुकान, वर आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले. मी अल्टरनेटर पोत्यात गुंडाळून मांडीवर घेऊन बसलो होतो. मेव्हण्यानं तो हातात घेतला, उलटासुलटा केला, आम्ही आणलेली मापं बघितली आणि तुणीच्या लाकडाचा एक तुकडा पायाच्या अंगठ्यात धरून तासायला बसला. चहा येईपर्यंत एक आकार झाला. दुसऱ्या चहापर्यंत त्याला कड आली. तो म्हणाला, "आमच्यात सुताचा फरक पडला तर वस्तू बोलत न्हाई. तुमच्यात काय होतं?"

मिस्त्री म्हणाला, "आमच्यात लय बोलते."

तो लाकडी तुकडा शेडमध्ये जागेवर लावला तर स्टिअरिंगच्या डब्याच्या कडेनं कागद सरकेल एवढी फट ठेवून तो नीट बसला. त्याबरहुकूम लोखंडी पट्टी कापली, उंब्रजला वेल्डिंग करून आणली. तापून ती एक सूत वाकली होती. वॉशर घालून ते सूत भरून काढलं. मग मिस्त्रीनं खालच्या पुलीपासून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत दोरी ताणली, एक टोक माझ्याकडं दिलं आणि एक डोळा मिटून कितीतरी वेळ बघत राहिला. दोरी दोन्ही पुल्यांना सारखी चिकटली होती. चोवीस वर्षांत मी हजारो वस्तू बसवल्या होत्या, पण नसलेली वस्तू करून बसवलेली ही पहिली. त्या दुपारी मला फार बरं वाटलं होतं, एवढं आठवतं.

इंजिन सुरू झालं. पट्टा सरळ पळत होता. ब्रेकला पाय लावला की मऊ, भरलेला लागायचा. शेडपासून उंब्रजच्या फाट्यापर्यंत आम्ही दोन-तीन फेऱ्या मारल्या. शुक्रवारी मिस्त्री मिरजेला गेला. जाताना म्हणाला, "आता मंगळवारी न्हाई, सोमवारीच येतो. मग घाटात जाऊ."

शनिवारी मी एकटाच शेडमध्ये होतो. बॉनेट उघडून बघत बसलो. सगळं ठीक होतं, फक्त तेल परत नेणारी ती नळी. अल्टरनेटरच्या पोटातून निघून ती तिरपी, लोंबती, मधेच सुतळीनं बांधलेली, चेंबरपर्यंत आली होती. डोळ्यांना खुपत होती. आमच्या वर्कशॉपमध्ये अशी नळी दिसली असती तर सुभेदारानं तिथंच उभं केलं असतं. मी ती सोडवली. चासीच्या कडेकडेनं काटकोनात वळवली, तीन ठिकाणी क्लिपा मारल्या, शेवटच्या क्लिपेपाशी थोडी वर घेऊन चेंबरला जोडली. एक तास गेला. दिसायला सुरेख झाली.

त्या संध्याकाळी वडील शेडमध्ये आले. इंजिन सुरू करायला सांगितलं, ऐकलं. म्हणाले, "घाटात नेल्याबिगार गाडी कळत न्हाई."

"सोमवारी मिस्त्री येतोय. मग जाऊ."

"उद्या काय हाय?"

उद्या काहीच नव्हतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो.

वडील तरुणपणी कोयनेच्या धरणावर सिमेंटच्या गाड्यांवर क्लीनर होते, नंतर तिथंच ड्रायव्हर झाले. तो रस्ता त्यांना पाठ होता. पाटण सोडल्यावर ते थोडे पुढं सरकून बसले. चढाला इंजिन मस्त ओढत होतं. "जुन्यापेक्षा ताकद हाय," म्हणाले. कोयनानगरला आम्ही चहा प्यालो, त्यांनी धरणावरच्या कामगारांच्या जुन्या कॉलनीच्या दिशेनं थोडा वेळ बघितलं, आणि परत फिरलो.

उतारावर तिसऱ्या की चौथ्या वळणाला मी ब्रेकवर पाय ठेवला आणि तो दगडावर ठेवल्यासारखा लागला. दाबला. गाडीचा वेग जरासा कमी झाला, तेवढाच. पुन्हा दाबला, दोन्ही पायांनी. पुढं डावं वळण, उजव्या अंगाला दरी.

वडील ओरडले नाहीत. म्हणाले, "पाय काडू नगंस. दुसऱ्यात घाल."

गिअर पडेना. खरखर आवाज करत उडाला.

"रेस दे. मग घाल. आता घाल."

पडला. इंजिन किंचाळलं, गाडी आखडली, पण थांबेना. हँडब्रेक ओढला. वडील म्हणाले, "डोंगराकडं घे. घास तिला. घास!"

डावं चाक गटारात उतरलं, मडगार्ड दरडीला घासत गेलं, खिडकीतून माती आत आली आणि आम्ही थांबलो. वडिलांचा चष्मा पायाखाली पडला होता. तो त्यांनी उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला. मग म्हणाले, "उतर. चाकाखाली दगड लाव आधी."

मी दगड लावले. मागून एक जीप येऊन थांबली, त्यातून पाटणकडचे तिघं-चौघं उतरले. एकानं ट्रकभोवती चक्कर मारली, बॉनेटकडं बघितलं.

"इंजिन बदललंय जणू. कुणी बसवलं?"

मी म्हणालो, "मिरजेचा मिस्त्री हाय एक."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तो माणूस म्हणाला, "असल्या जोडकामाच्या नादी लागू नये बघा." मी मान हलवली.

ते गेल्यावर बॉनेट उघडलं. पंपाच्या मागून तेल ओघळत होतं. नळीकडं बघितलं आणि एका क्षणात सगळं समजलं. सपाटीवर तेल कसंबसं परत जात होतं. चढाला गाडीचं नाक वर, त्यामुळं ते आपोआप मागं घरंगळत होतं. उताराला नाक खाली गेलं आणि मी सुरेख वर वळवलेल्या त्या नळीतून तेल वर चढेना. पंप तेलानं भरला, व्हॅक्यूम गेला. मिस्त्रीची लोंबती नळी कुठल्याही उताराला उतरतीच राहिली असती. म्हणून ती तशी होती.

वडील पलीकडं दगडावर बसले होते. मी क्लिपा काढल्या, नळी पहिल्यासारखी तिरपी सोडली, मिस्त्रीनं बांधली होती तशीच सुतळीनं बांधली. अर्ध्या तासात ब्रेक परत आला. जीपवाल्यांनी पुढं सांगितलं असावं, एक ट्रॅक्टरवाला आला, त्यानं आम्हाला गटारातून ओढून काढलं. मग आम्ही घरी आलो. क्लिपा माझ्या खिशात होत्या.

मिस्त्रीला फोन केला. एवढंच सांगितलं, "घाटात ब्रेक गेला. पंपात तेल भरलं होतं."

त्यानं पहिल्यांदा विचारलं, "आबा कसे हायत?"

सोमवारी पहिल्या गाडीनं आला. आधी वडिलांकडं गेला, त्यांच्या पायाशी बसला. म्हणाला, "आबा, माझ्याकडनं कायतरी ऱ्हायलं." वडील म्हणाले, "वाचलो की. बघ काय झालंय ते." मी दारात उभा होतो. तिथं सांगता आलं असतं.

त्यानं पंप खोलला. आतल्या पात्या मोजल्या, काचेवर घासून बघितल्या. चांगल्या होत्या. तेलाची बारीक नळी फुंकून बघितली. मंगळवारी अल्टरनेटर उतरवून पुन्हा चढवला. बुधवारी ट्रकचं मागचं अंग जॅकवर उचललं, म्हणजे नाक खाली होईल, आणि इंजिन चालवलं. ब्रेक ठीक. नळी आता पहिल्यासारखी होती, बिघडणार काय? त्याला काहीच सापडेना. तो जेवायला यायचा, अर्धी भाकरी खाऊन उठायचा. कागदावर ब्रॅकेटची चित्रं काढायचा आणि खोडायचा. गुरुवारी सकाळी म्हणाला, "हवालदार, माझं ब्रॅकेटच चुकलंय. पंप वर बसलाय. कापतो." आणि करवत घेऊन वेल्डिंगवर चालवायला लागला.

मी घरात आलो. बायको भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं, शनिवारच्या नळीपासून. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मग हे त्यांना कोण सांगणार?" एवढंच विचारलं.

शेडमध्ये गेलो तेव्हा ब्रॅकेट निम्मं कापून झालं होतं. मी खिशातल्या क्लिपा काढून बॉनेटच्या कडेवर ठेवल्या आणि सांगितलं. नळी मी बदलली होती. घाटातच परत पहिल्यासारखी केली. तुझं काही चुकलेलं नाही.

त्यानं करवत बाजूला ठेवली. क्लिपांकडं बघितलं.

"शनिवारी?"

"शनिवारी."

"आन् मी सोमवारपासनं हितं काय करतोय?"

मी बॉनेटवरच्या क्लिपा उचलून मुठीत घेतल्या.

"नळीचं जाऊ द्या," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "चुकतंय माणसाचं. चार दिवस मी माझ्याच हातावर संशय घेतोय, हवालदार. म्हाताऱ्या माणसाला मी मारलं असतं, ह्ये डोक्यात घिऊन झोपतोय. चार दिवस. तुमी समोर बसून चहा प्यालाय माझ्याबरोबर."

हत्यारं एकेक पुसून पिशवीत भरली. मी मसूरला सोडतो म्हणालो. नको म्हणाला. पिशवी खांद्याला लावून पायवाटेनं हायवेकडं गेला, एसटी पकडायला. वडील ओसरीवर होते. त्यांनी त्याला जाताना बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तूच हुतास व्हय," म्हणाले.

"व्हय."

पुढं दोन-तीन दिवस ते माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. नंतर ठीक झालं.

तीन आठवडे मी शेडकडं फिरकलो नाही. फोन दोनदा केला, त्यानं उचलला नाही. मग एका सकाळी मिरजेला गेलो. घर माहीत नव्हतं, म्हणून मेव्हण्याच्या दुकानात गेलो. मिस्त्री तिथंच होता, पायरीवर बसून पेपर वाचत. मला बघून त्यानं पेपरची घडी केली. मेव्हणा आत गेला.

मी माफी मागितली. घरून येताना मनात बरंच जुळवलं होतं, त्यातलं काही बोललो नाही. चुकलं, एवढंच म्हणालो.

त्यानं विचारलं, "ब्रॅकेट निम्मं कापल्यालं हाय, तसंच हाय का?"

"तसंच."

"हात लावला न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मंगळवारी येतो," तो म्हणाला. "पण माझ्या माघारी पाना उचलायचा न्हाई. उचलला तर सांगायचं."

आला. कापलेलं ब्रॅकेट त्यानं जोडलं नाही, दुसरं केलं. त्या चार दिवसांत खोडलेल्या चित्रांतलं एक त्याला आता पटलं होतं. पंप दोन बोटं खाली आला, नळीला आणखी उतार मिळाला. मी विचारलं, पहिलं चुकीचं नव्हतं ना? तो म्हणाला, "चुकीचं नव्हतं. ह्ये बरं हाय." नंतर आम्ही तिघं कोयनेला जाऊन आलो. उताराला वडिलांनी मुद्दाम चार ठिकाणी ब्रेक दाबायला लावला. चारही वेळा लागला.

आरटीओत बदललेल्या इंजिनाची नोंद करायला सगळ्यात जास्त वेळ गेला, पण ती झाली. आता ट्रक हंगामात उसाचं बेणं आणि कारखान्याची मळी वाहतो. वडील कधी कधी शेजारी बसतात.

मिस्त्री माझ्याशी पहिल्यासारखं चेष्टेनं बोलत नाही. कामाचं मात्र बोलतो. पावसाळ्यानंतर त्याचाच फोन आला, विट्याला एक जुनी बस होती, दुसरा माणूस लागत होता, येता का म्हणून. गेलो. तेव्हापासून महिन्यातून एकदा-दोनदा जातो. मागच्या आठवड्यात तासगावला पाण्याच्या टँकरचं काम निघालं. इंजिन बसलं होतं, पण पंपाच्या तोंडाला तीन भोकं आणि इंजिनाकडं चार. दुपारपर्यंत आम्ही दोघंही सावलीत बसून नुसतं त्याच्याकडं बघत होतो.